बुकित बातोकचा परुशी

एलिजा चौलकर मासा घेण्याआधी त्याच्या पोटावर नखानं ओरखडा काढायचे. खवलं निघालं तर मासा पिशवीत, नाहीतर परत बर्फावर. बुकित बातोकच्या बाजारातली चिनी मासेवाली ओरडायची, "अंकल, डोन्ट स्क्रॅच लाह!" आणि हे तिला मराठीत सांगायचे, "माझ्यावर कशाला ओरडतेस बाई, वरून हुकूम आहे."

मी त्यांच्या मागं उभा होतो. सुमन, म्हणजे माझी बायको, जाऊन थोडेच दिवस झाले होते. घरात मुलगा, सून, नात आपापल्या कामात, म्हणून मी काही घ्यायचं नसतानाही बाजारात फिरायचो. परदेशात, इतक्या लांब, माशांच्या वासात मराठी ऐकू आलं आणि मला राहवलं नाही.

"वरून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

त्यांनी वळून मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "देवाकडून. माशाला खवलं पाहिजे आणि पंख पाहिजेत. कोळंबी, खेकडा, माकूळ बंद. तुम्ही कुठले?"

"महाडचा. कदम. एसटीत ड्रायव्हर होतो."

"मी चौलचा. म्हणजे मला कधीतरी उशिरा पोचवलेलं आहे तुम्ही."

आमची ओळख झाली ती अशी. ज्यू माणूस आपण कधी बघितलेला नाही, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "शनवार तेली म्हणा, म्हणजे कळेल." ते कळलं. आमच्या लहानपणी तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारी माणसं होती. मग ती सगळी इस्रायलला गेली असं ऐकलं होतं. हे एक राहिले होते.

दिसायला किडकिडीत, कान मोठे, डोक्यावर पांढरी विणलेली टोपी. हॉकर सेंटरला कॉफी प्यायला बसलो की शर्टाच्या खिशातून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढायचे. दूध नको, त्या कपातून नको, ग्लासात ओत. कॉफीवाला आधी चिडायचा, मग त्यांना लांबून बघूनच हात पुढं करायला लागला. वाद घालताना मध्येच बोट छताकडे करून देवाला म्हणायचे, "आपण जरा थांबा, मी ह्यांच्याशी बोलतोय." आणि समोरच्याचं म्हणणं पटलं नाही की, "बरं. पुढं बोला." पटलं तरी तेच.

चौलला ते त्यांच्या देवळात प्रार्थना सांगायचे. हज्जान म्हणतात त्याला. देऊळही म्हणत नसत, मशीदच म्हणायचे. "मुसलमानांच्या आधीपासून म्हणतोय," असं मला ठासून सांगत. माणसं एकेक करून गेली. शेवटी सणाला त्यांचा आवाज एका टोकाला आणि बायकांच्या बाजूला त्यांच्या मंडळींचा आवाज, मधली बाकं रिकामी. मुलगी हन्ना इथं नर्स होती, तिनं दोघांना इकडं आणलं. तिचा नवरा डॅनियल. चिनी, ख्रिस्ती. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची प्रार्थना भरते, तिथं तो धर्माचं शिकवतो. बाकी दिवस बँकेत कॉम्प्युटर. माणूस चांगला. मी त्याला नावं ठेवायला बसलेलो नाही.

शनिवारी चौलकर लिफ्टचं बटण दाबत नसत. बस नाही, ट्रेन नाही, दिवा लावणं नाही. खाली व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, लिफ्टपाशी उभे राहायचे, कोणी आलं की मागोमाग आत. "बटण दाबा" असं सांगायचंही नाही. त्यांचा मजला सांगितलेला चालायचा नाही, म्हणून जिथं लिफ्ट थांबेल तिथं उतरून उरलेले जिने चढायचे. मी म्हटलं, "अहो, देवाला काय पडलंय तुमच्या बटणाचं?" ते म्हणाले, "देवाला नसेल पडलं. मला पडलंय. सहा दिवस बटणं माझं ऐकतात, एक दिवस मी त्यांचं ऐकत नाही." तेव्हापासून शनिवारी मी मुद्दाम लिफ्टनं त्यांच्या मजल्यावर जायचो. माझं तिथं काही काम नव्हतं. त्यांनी कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर काम सांगितल्यासारखं झालं असतं.

आता परुशांचं सांगतो. हा शब्द मी त्यांच्याकडून शिकलो.

डॅनियलच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमायची, त्यांचं शास्त्र वाचायला. त्याच वेळी स्वयंपाकघरात चौलकर खोबरेल तेलाचा दिवा लावायचे. तो बायकोनं लावायचा असतो, बायको गेल्यापासून तेच लावायचे. एका शुक्रवारी मी ओट्याशी उभा होतो. बाहेर कोणीतरी कोणाला तरी हसत म्हणालं, "डोन्ट बी अ फॅरिसी, लाह!" म्हणजे परुशी होऊ नकोस, ढोंगी होऊ नकोस. सगळे हसले. चौलकरांच्या हातात काडी होती. ती त्यांनी विझू दिली, दुसरी ओढली, दिवा लावला, डोळ्यांवर हात धरून पुटपुटले. मग पाण्याचा जग उचलला, बाहेर गेले आणि म्हणाले, "आय ॲम फॅरिसी. हू वॉन्ट्स वॉटर?"

 एकीनं भीत भीत ग्लास पुढं केला. ह्यांनी काठोकाठ भरला.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून मला सगळं सांगितलं. मला जेवढं समजलं तेवढं लिहितो. परुशी म्हणजे त्या काळचे शिकवणारे. जेरुसलेमचं मोठं मंदिर रोमन लोकांनी जाळलं तेव्हा पुजाऱ्यांचं काम संपलं, पण धर्म राहिला, कारण परुशांनी तो लोकांच्या जेवणाच्या पाटापर्यंत आणून ठेवला होता. काय खायचं, कसं धुवायचं, शनिवारी काय करायचं नाही.

"आणि येशू?" मी विचारलं.

"आमच्यातलाच. शनिवारी मशिदीत जाणारा. त्याची माणसंही सगळी आमचीच. त्याचा धर्म पसरवणारा तो पौल तर परुशांच्याच शाळेतला."

"मग एवढं भांडण कशाला?"

"कदम, तुम्ही परक्या माणसाशी शनिवारवरून भांडाल का? तुम्हाला काय त्याचं? येशू भांडला परुशांशी, कारण जेवायला त्यांच्याच शेजारी बसायचा. नवरा-बायको घरात भांडतात, शेजारी भिंतीला कान लावून ऐकतो. उद्या घर मोडलं, माणसं गेली, शेजाऱ्याकडं काय राहिलं? नुसत्या शिव्या. तो म्हणतो, ही दोघं वैरी होती." बोट वर करून, "आपण थांबा जरा. बरोबर सांगतोय मी."

हे डॅनियलच्या कानावर गेलं. त्यानं सासऱ्यांना हॉलमध्ये बोलायला बोलावलं. चौलकर मला म्हणाले, "चला. मला एकट्याला नको वाटतं." मला एवढं इंग्रजी येत नाही, म्हणून हन्ना शेजारी बसून कानात सांगत होती. ह्यांनी एका म्हाताऱ्या परुशी गुरुजींची गोष्ट सांगितली. येशू गेल्यावर त्याच्या शिष्यांना धरून न्यायसभेत आणलं होतं, लोक खवळले होते, मारा म्हणत होते. हे गुरुजी उठले. म्हणाले, सोडून द्या ह्यांना. माणसांचं काम असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्ही देवाशीच लढत बसाल. "ढोंगी माणूस असं बोलतो?" चौलकरांनी विचारलं. "तुमच्या धर्माची सुरुवात एका परुशानं वाचवली. तुमच्याच शास्त्रात आहे. कोणी वाचत नाही."

टाळ्या पडल्या. मग मागून एक बाई उठली, गोड आवाजाची. तिनं विचारलं, "अंकल, एवढं माहीत आहे, मग तुम्ही येशूला का मानत नाही?"

चौलकर तिच्याकडं वळले. म्हणाले, "त्या गुरुजींनी सोडून द्या म्हटलं. तुम्ही सोडलं. आता मलाही सोडा."

लोक हसले. हन्नानं मात्र ते मला सांगितलं नाही, ते मला डॅनियलनं नंतर हातवारे करून समजावलं. ती मान खाली घालून बसली होती. ती का हसली नाही, ते मला पुढं कळलं.

चौलकरांच्या मंडळींची तिथी आली. त्यांचीही तिथी आपल्यासारखी चंद्रावर चालते. त्या दिवशी कद्दिश नावाची देवाच्या स्तुतीची प्रार्थना म्हणायची असते. मुलगा म्हणतो. मुलगा नाही, म्हणून नवरा. आणि एकट्यानं म्हणता येत नाही, दहा ज्यू पुरुष हजर लागतात. मी म्हटलं, "देवालाच सांगायचं तर दहा माणसं कशाला?" "एकट्यानं स्तुती केली तर त्याला वाटेल लाच देतोय."

सकाळी ट्रेननं शहरातल्या त्यांच्या सिनेगॉगला गेलो. मला मागं बसवलं. "तुम्ही मोजणीत नाही, पण बसा." पाऊस जोराचा होता. चौलकर धरून नऊ जण झाले. लाल दाढीचे तरुण राब्बी, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, सारखे दारात जाऊन बघत होते, फोन करत होते. दहावा आला नाही. थोड्या वेळानं एकाला कामावर जायचं होतं, तो उठला. चौलकर पुस्तक उघडून उभेच होते. मग त्यांनी ते मिटलं, कपाळाला लावलं आणि ठेवून दिलं. मी तिथं धडधाकट बसलो होतो आणि माझा काही उपयोग नव्हता.

परतीच्या ट्रेनमध्ये ते विचारायला लागले, "तुमच्या मंडळींचं कसं झालं?"

"राख समुद्रात सोडली. दहाव्याला पिंड ठेवला. कावळा आला नाही. साळुंकी आली. भटजी म्हणाले, चालेल."

"मग?"

"भटजींना चाललं. मला नाही चाललं."

त्यांनी पहिल्यांदाच "पुढं बोला" म्हटलं नाही. खिडकीबाहेर बिशान स्टेशन गेलं. मग स्वतःच बोलले. त्यांची बायको शेवटी दवाखान्यात होती. एका शनिवारी ते घरी बसले होते, कारण शनिवारी बसनं जायचं नाही. त्याच दिवशी तिनं बाप्तिस्मा घेतला. डॅनियलच्या चर्चची माणसं येऊन तिच्या कपाळावर पाणी लावून गेली. रविवारी सकाळी हे डबा घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "मी काल घेतलं." एवढंच. दोन दिवसांनी गेली. चर्चनं तिला चोआ चू कांगच्या दफनभूमीत ख्रिस्ती भागात पुरलं. ज्यूंचा भाग रस्त्याच्या पलीकडं.

"राब्बी काय म्हणतात?"

"म्हणतात, ती आमचीच. कद्दिश म्हणा. पण पुरलेल्या माणसाला हलवायचं नाही. आणि तुमची जागा आमच्याकडं आहे." मग म्हणाले, "तिचा विश्वास बसला असेल तर माझं काही म्हणणं नाही, कदम. बसलाच नसेल, तर तिनं हे माझ्या पाठीमागं का केलं? एवढं मला कळलं तर कुठं आडवं व्हायचं ते मी ठरवीन."

त्यानंतर आम्ही दोघं अधूनमधून चोआ चू कांगला जायचो. तिच्या दगडावर क्रॉस होता आणि रिबेका चौलकर हे नाव. ते फुलं नेत नसत. वाटेवरचा एखादा खडा उचलून तिच्या दगडावर ठेवायचे. ज्यूंची ती रीत आहे. येऊन गेल्याची खूण. एकदा गेलो तर सगळे खडे गायब. जागा झाडून पुसून लख्ख, कुंडीत ताजी फुलं. चौलकर बघत उभे राहिले. मग खाली वाकले, एक नवा खडा शोधला आणि ठेवला. 

मला गप्प बसता येत नाही, कधीच आलं नाही. संध्याकाळी हन्ना ड्यूटीवरून आली तशी मी तिला खालीच गाठलं. "पोरी, आईच्या थडग्यावरचे दगड तू काढलेस?"

"हो काका, कोणाची तरी मुलं टाकून जातात. दर वेळी कचरा."

"तुझा बाप ठेवतो ते."

ती तिथंच बाकावर बसली. चौलला बायका कबरस्तानात जात नसत, तिला ती रीत कोणी दाखवलीच नव्हती. रडली. मी रडू दिलं. मग मी दुसरंही विचारलं, "तुझ्या आईला ते पाणी कोणी लावायला लावलं?"

"कोणी नाही काका. शपथ. मीच रात्रंदिवस तिच्या उशाशी रडायचे. आमच्यात शिकवतात, विश्वास नसला तर पुढं भेट नाही. मला तेच डोक्यात बसलं होतं, की आई गेली की संपलं, परत कुठंच भेटायची नाही. ती ऐकत होती. त्या शनिवारी म्हणाली, बोलाव तुझ्या माणसांना, तुझ्या जिवाला घोर नको. आणि म्हणाली, का घेतलं ते पप्पांना मी सांगेन."

"आणि कारण सांगितलं नाही."

"सांगायला वेळ नाही मिळाला."

दुसऱ्या दिवशी बाजारात मी हे चौलकरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या हातात बोय मासा होता, नख त्याच्या पोटावर. ते तसेच थांबले. मासेवालीनं दोनदा "अंकल" म्हटलं.

"म्हणजे पोरीला एकटं टाकवलं नाही तिला," ते म्हणाले.

"हो."

"मला टाकवलं."

 त्यांनी मासा परत ठेवला. त्या दिवशी काही घेतलं नाही.

त्यांना बरं नसायचं ते त्याच सुमाराला वाढलं. छातीत पाणी व्हायचं. डॅनियलनं एक गोष्ट केली ती मी लिहिलीच पाहिजे. चर्चच्या लोकांशी भांडून, अर्ज करून, त्यानं रिबेकाबाईंच्या शेजारची जागा मिळवली. मी समोर होतो तेव्हा येऊन म्हणाला, "पा, यू गो बिसाइड मम्मी. नो नीड बॅप्टिझम. नो क्रॉस. आय आस्क ऑलरेडी, कॅन."

चौलकरांनी त्याचा हात धरला. माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "बघा, परुशी निघाला हा. सोडून द्या म्हणतोय." आणि मग रात्रीचं जेवण झाल्याचं सांगावं तितक्या सहज त्याला म्हणाले, "थँक यू. नो."

मी चिडलो. खाली आल्यावर बोललो, "अहो, तुमच्या त्या भागात ओळखीचं कोण आहे? सगळे बगदादकडचे ज्यू, नाहीतर गोरे. मराठी बोलणारा एक नाही. एवढ्या लांब जाऊन बायकोच्या दगडावर खडे ठेवता, आणि जागा समोर आल्यावर नाही म्हणता?"

"तुमच्या मंडळी समुद्रात आहेत. तुम्हाला कुठं जागा निवडायची आहे?" ते म्हणाले. ते लागलं मला. त्यांनाही कळलं. आवाज खाली आणून बोलले, "कदम, ती लेकीसाठी गेली. बरोबर केलं. आई आहे. पण बाप, आजा, त्याचा बाप, सगळे पांढऱ्या कापडात तोंड जेरुसलेमकडं करून पडले आहेत. चौलच्या मशिदीत शेवटचा आवाज माझा होता. मी पण तिकडं गेलो, तर ती सगळी माणसं उगाच होती असं होईल. कोणीतरी ह्या बाजूला पाहिजे."

"मग एकटे पडा."

"पडतो की. पुढं बोला."

ते गेले आणि त्यांच्याच भागात पुरले गेले. दहा माणसं आली होती, जास्तच आली. मी ह्या वेळीही मोजणीत नव्हतो. पण मला ते तिथले आठवत नाहीत. मला आठवतात ते त्याच्या थोडं आधीचे, आम्ही शेवटचे चोआ चू कांगला गेलो तेव्हाचे.

चालणं फारसं होत नव्हतं, हन्नानं आणलेली काठी घेतली होती. रिबेकाबाईंच्या दगडापाशी पोचल्यावर मला म्हणाले, "तुम्ही इथं उभे राहा. तिच्या उशाशी. हलू नका." आणि निघाले. वाटेनं खाली, गेटाबाहेर, रस्ता ओलांडून पलीकडं. मी ओरडून विचारलं कुठं निघालात, त्यांनी मागं न बघता हात हलवला. झाडांमधून टोपी दिसत होती, मग लहान झाली. त्यांच्या भागाच्या कुंपणाला हात लावून ते वळले. तोंड उघडलं. तेवढ्यात डोक्यावरून लष्कराचं विमान गेलं, तिथं सारखी जातात, आणि काही ऐकू आलं नाही.

ते सगळी वाट चालत परत आले. धाप लागली होती. "आलं ऐकू?"

"नाही. विमान होतं."

माझ्या जागी दुसरा कोणी असता तर हो म्हणाला असता. त्यांनी मान हलवली. "थांबा तसेच," म्हणाले आणि पुन्हा निघाले. मी म्हटलं अहो पुरे, ऊन आहे. ऐकलं नाही. ह्या खेपेला फार वेळ लागला. दोनदा काठीवर टेकून उभे राहिले. पलीकडं पोचले, वळले, विमान नाही ना म्हणून वर बघितलं. मग दोन्ही हात तोंडापाशी धरून, घरात आतल्या खोलीत हाक मारावी तशी त्यांनी हाक मारली.

"अगं, ऐकतेस का?"

स्पष्ट ऐकू आलं. शब्दन् शब्द.

हाक मारून झाल्यावर ते तिथंच थांबले, एक हात कानामागं लावून. मी दगडाच्या उशाशी उभा होतो. उत्तर द्यायचं माझं काम नव्हतं. मी नुसता हात वर केला आणि ते कानामागचा हात खाली घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.